तेरियो खाटकाची एकसष्ट लेकरं

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट ऐकून कोणी विश्वास ठेवत नाही. पाद्रीबाबांना सांगितली, त्यांनीही ठेवला नाही. आणि विश्वास ठेवणं हाच ज्या माणसाचा चोवीस तासांचा धंदा, तोच जर मान हलवायला लागला तर इतरांना कोणत्या तोंडाने बोल लावायचा? नका ठेवू. तुम्ही विश्वास ठेवला नाहीत म्हणून घडलेलं काही परत जात नाही. एका माणसाने कॅनडात कायमचं राहायला मिळावं म्हणून अर्ज केला आणि त्या अर्जात आपल्याला एकसष्ट मुलं आहेत असं लिहिलं. लिहिलं ते लिहिलं, वर एकसष्टांचे दाखलेही जोडले. शिक्क्यासकट.

हा माणूस म्हणजे आमच्या बाजारातला खाटीक, तेरियो नुफाब्ले.

कॅनडाला नर्सा लागतात, इंजिनिअर लागतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्यांना खाटीकही लागतात. कारण उघड आहे. तिकडची माणसं शिकली-सवरलेली, आणि शिकलेल्या माणसाला डुक्कर खाता येतं, कापता येत नाही. म्हणून कायमचं बोलवायच्या कुशल कामगारांच्या यादीत त्यांनी खाटकालाही बसवलं. तेरियोने 'कुशल' हा शब्द ऐकला आणि त्याची छाती वीतभर फुगली. बावीस वर्षांत त्याला कोणी कुशल म्हटलं नव्हतं. बाजारातल्या बायका त्याला जे म्हणायच्या ते तराजूवरच्या त्याच्या अंगठ्याबद्दल असायचं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. हाताला मात्र कसब होतं, ते नाकारून चालणार नाही. उभं डुक्कर समोर आणा, तो त्याच्याकडे असा बघायचा की ते डुक्कर आपणहून सांध्यांतून सैल व्हायचं.

पण नुसत्या फुगलेल्या छातीने माणूस कचेऱ्यांचे उंबरे झिजवत नाही. खरं कारण हाँगकाँगला होतं. त्याची बायको सलोमे तिथे एका बँकवाल्याच्या घरी अकरा वर्षं घरकाम करत होती. दोन वर्षांनी एकदा पंधरा दिवसांची रजा. मूलबाळ नाही, कसं होणार? देवालासुद्धा काही तयारीला वेळ लागतो. दर रविवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, तिचा फोन यायचा. एका रविवारी ती म्हणाली,

"तेरियो, मी हिशोब केला. या अकरा वर्षांत आपण एकत्र राहिलो सहासष्ट दिवस."

"पाच रजा, पंधरा दिवसांची एक. पंचाहत्तर होतात."

"त्यातले नऊ दिवस तू लोकांच्या जत्रेची डुकरं कापत होतास. ते मी धरले नाहीत."

तेरियोने सुरी पुसायला घेतली.

"इथल्या कुत्र्याच्या सहवासात मी तुझ्यापेक्षा जास्त राहिलेय. त्याचा वाढदिवस मला पाठ आहे. तुझा कुठला महिना ते आठवावं लागतं. ते कॅनडाचं काय ते बघ. नवऱ्याला मिळालं की बायकोला मिळतं. एका छपराखाली राहू. छप्पर बर्फाचं असलं तरी चालेल."

"बघतो ना."

"बघतो नाही. तू चव्वेचाळीसचा आहेस. तिकडे माणसाला शाळेसारखे गुण देतात, आणि पंचेचाळीस पुरी झाली की वयाचे गुण शून्य. दहा महिने आहेत तुझ्याकडे. नाहीतर मी इथेच म्हातारी होणार, आणि त्या कुत्र्याच्या आधी मरणार."

फोन ठेवून तेरियो बराच वेळ गाळ्यातल्या मांस टांगायच्या आकड्यांकडे बघत बसला. माणूस मठ्ठ खरा, पण मठ्ठ माणसाला आठवण येत नाही असं थोडंच आहे?

आता अशा वेळी माणसाला हवा असतो सल्ला, आणि तेरियोचं नशीब एवढं थोर की त्याच्या भिंतीला भिंत लावून नोंग क्रिसांतो राहत होते. नोंग म्हणजे आम्ही वडीलधाऱ्या माणसाला म्हणतो ते. पण या माणसाला नुसतं वयामुळे कोणी नोंग म्हणत नाही. तीस वर्षं जहाजावर काढलेला, सत्तरीतही ताठ, देखणा, जगाचं पाणी चाखलेला माणूस. कॅनडा त्यांनी स्वतः पाहिलेला. काही मत्सरी लोक म्हणतात की जहाज त्या बंदरात चारच तास थांबलं आणि नोंग तेव्हा इंजिनखोलीत होते. असतील. इंजिनखोलीला झरोका नसतो का?

बाकीच्या सल्लागारांबद्दल न बोललेलं बरं. वस्तीचा कॅप्टन, म्हणजे आमचा सरपंच, म्हणाला, थंडीची सवय कर, बर्फाच्या कारखान्यात झोप. माडी विकणारा म्हणाला, इंग्रजीच्या परीक्षेला आधी दोन पेले घेऊन जा, जीभ सुटते. तेरियोने तोही प्रयोग केला. परीक्षक बाईने विचारलं, तुमच्या आयुष्यातला संस्मरणीय प्रवास सांगा. याने डुकराच्या मानेपासून शेपटीपर्यंतचा सुरीचा प्रवास सांगितला, हातवाऱ्यांसकट. बाईने पूर्ण गुण दिले आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायच्या आधी खिडकी उघडली.

अर्ज भरायला मात्र नोंग क्रिसांतोच बसले. इंटरनेटच्या दुकानात दोन खुर्च्या घेतल्या, कळफलकावर तेरियोची जाड बोटं आणि शेजारी नोंगचं डोकं.

"पहिली गोष्ट," नोंग म्हणाले, "लपवायचं काही नाही. हे लोक डुकराचं रक्त खात नाहीत, पण खोटं बोलणाऱ्याचं पितात. आमच्या जहाजावर एक वंगणवाला होता. त्याने पहिल्या बायकोचा मुलगा लिहिला नाही. विमानात बसला, समुद्रावरून निम्मी वाट गेली आणि विमान वळवलं."

"एका मुलासाठी?"

"एका. पाच वर्षं बंदी. घरचं माणूस लिहायचं राहिलं की कायमचं राहिलं."

 पडद्यावर प्रश्न आला: तुमची सर्व मुलं लिहा, सोबत येणारी असोत वा नसोत. तेरियोने निःश्वास सोडला आणि शून्य टाकायला बोट उचललं.

"थांब," नोंग म्हणाले. "आणि ती धर्मलेकरं?"

इथे जरा थांबून आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही तेरियोला आहे त्याहून जास्त मूर्ख समजाल. बाप्तिस्म्याला लेकराचा धर्मबाप लागतो, आणि बाप्तिस्म्याच्या जेवणाला अख्खं भाजलेलं डुक्कर लागतं. आता खाटकाला तोंडाने 'भाव कमी कर' म्हणणं म्हणजे हलकेपणा. आमचे लोक मानी. ते भाव कमी करायला सांगत नाहीत, ते खाटकालाच धर्मबाप करतात. एकदा धर्मबाप झाला की तो घरचा झाला. लेकराचा बाप त्याला 'पारे', म्हणजे जवळचा सोयरा, म्हणून मिठी मारतो, आणि पारेने आपल्याच घरच्या कार्यात नफा काढायचा असतो का? बरं, धर्मबाप व्हायला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर लेकराला अशुभ, आणि म्हणणाऱ्याला त्याहून. अशा रीतीने एकवीस वर्षं तेरियो दर जत्रेला, दर ईस्टरला, नवं पोर हातात धरून चर्चमध्ये उभा राहत आला होता आणि घरी तोट्याचं डुक्कर कापत आला होता.

"धर्मलेकरं मुलं कुठे होतात, नोंग?"

"का नाही? चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं, या लेकराचा बाप म्हणून कोण उभा राहतो. तू काय म्हणालास?"

"म्हणालो, मी."

"देवाला सांगितलंस मी बाप, आणि कॅनडाला सांगतोस मी कोणी नाही. दोघांपैकी एकाशी खोटं बोलतोयस. देव क्षमा करेल. कॅनडा?"

आहे का उत्तर? मोठमोठ्या वकिलांनाही सुचणार नाही असा मुद्दा. तेरियोने पडद्यावरचं 'आणखी एक जोडा' हे बटण दाबलं. मग परत दाबलं. तिसाव्या लेकरापाशी दुकानवाल्याने पंखा बंद केला. पन्नासाव्यापाशी त्याने तेरियोला विचारलं, दादा, तब्येत बरी आहे ना.

दाखल्यांसाठी दोघं चर्चच्या कारकूनबाईकडे गेले. नांग म्हणजे बायकांमधली नोंग, आणि नांग विसिता ही बाई म्हणजे चर्चमधली खरी देव. पाद्रीबाबा तिच्या परवानगीने प्रार्थना करतात. तिने चष्म्यावरून बघितलं.

"किती म्हणालास?"

"एकोणसाठ, नांग."

"एकसष्ट. दोन विसरलास. निर्लज्ज. एका नोलास्कोच्या पोराने तुझ्या अंगावर मुतलं होतं म्हणून ते सोडून दिलंस होय? कशाला हवेत दाखले?"

"कॅनडासाठी."

"एवढी पोरं घेऊन? तिकडे कोणी उरलंच नाहीये का?"

तरी दाखले दिले. जाडजूड कागद, लाल शिक्का, आणि प्रत्येकावर 'बाप' या रकान्याच्या खाली धर्मबापाचं नाव ठळक. आता आमच्या गावात सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. स्पॅनिश साहेबांनी पूर्वी आडनावांची वही फाडून गावोगाव पानं वाटली, आमच्या वाट्याला 'न'चं पान आलं. नाकार, निएवेस, नोलास्को, नुफाब्ले. तिकडे बसलेल्या कारकुनाला ती सगळी एकाच कुळातली वाटली तर त्या बिचाऱ्याचा काय दोष?

त्या रविवारी सलोमेने विचारलं, "अर्ज गेला?"

"गेला."

"नीट भरलास? काही चुकलं नाही ना?"

"सगळं खरं खरं लिहिलंय. एकही माणूस लपवला नाही."

"लपवायला आहे कोण आपल्याकडे?" सलोमे म्हणाली, आणि हसली. तेरियोही हसला. 

तीन महिन्यांनी उत्तर आलं. अभिनंदनही नाही, नकारही नाही. नियमाप्रमाणे कुटुंबातल्या प्रत्येकाची, मग तो सोबत येणार असो वा नसो, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून तपासणी व्हावी. तीस दिवसांत. डॉक्टर सेबू शहरात, समुद्रापलीकडे. म्हणजे बोटीने.

तेरियोने ते पत्र घरात ठेवलं असतं तर अजूनही निभावलं असतं. पण तो पडला मानी. तो एकेका पारेच्या दारी जाऊन म्हणाला, "पारे, तुझ्या पोराला कॅनडाच्या डॉक्टरला दाखवायचंय." यापुढचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तेरियो सगळ्या धर्मलेकरांना कॅनडाला घेऊन चाललाय, आणि लेकरांमागून आई-बाप आपोआपच जाणार, कारण गाडीमागून डबे जातातच.

मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! जुन्या कपड्यांच्या ढिगातून लोकरीचे कोट नाहीसे झाले. भर उन्हात बायका कानटोप्या घालून भात कांडायला लागल्या. निएवेसने म्हैस विकली, नाकारने आपली म्हैस आधी विकायची होती म्हणून निएवेसशी भांडण केलं. मास्तरीणबाईने वर्गात 'बर्फ' या विषयावर निबंध लिहायला सांगितला आणि चाळीस पोरांनी एकच निबंध लिहिला, त्यात बर्फ गोड होतं. माशांच्या शीतगृहात रोज दुपारी तासभर पोरं रांगेत बसवायची, सवय व्हावी म्हणून. सात जणांना सर्दी झाली आणि सगळ्यांच्या अंगाला मासळीचा वास चिकटला, तो अजून गेलेला नाही.

आणि ज्यांची पोरं तेरियोची धर्मलेकरं नव्हती ते काय गप्प बसणार? ते पोट धरून आले. शब्दशः. ज्या बायका तीन महिन्यांनी बाळंत व्हायच्या होत्या त्या आत्ताच त्याचा शब्द घेऊन गेल्या. बाप्तिस्मा राहून गेलेली दहा-बारा वर्षांची घोडी शोधून काढण्यात आली. नाही म्हणायचं नाही ही रीत, आणि तेरियो रीत मोडणाऱ्यांतला नव्हता. मोडायला अक्कल लागते. एका महिन्यात तेरा बाप्तिस्मे, तेरा डुकरं, सगळी तोट्यात.

"नोंग, ही नवी तेरा?"

"कळवायची," नोंग म्हणाले. "कुटुंबात बदल झाला की कळवायचा, पत्रातच लिहिलंय."

तेरियोने कळवलं. सोमवारी दोन, गुरुवारी पाच, पुन्हा सोमवारी सहा. तिकडच्या कारकुनाने चहा प्यायचं सोडलं असणार.

सेबूच्या बोटीवर चौऱ्याहत्तर पोरं, अठ्ठावीस आया, तीन आज्या आणि एक कोंबडा असा ताफा चढला. कोंबडा कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. दवाखान्यात नर्स पुकारायची, "या मुलाचे वडील कोण?" आणि तेरियो उठायचा. "या मुलीचे?" तेरियो उठायचा. विसाव्यांदा उठला तेव्हा नर्सने त्याला उभंच राहा म्हणून सांगितलं. एकवीस वर्षांचा एक धर्मलेक, दाढी असलेला, तेरियोपेक्षा हातभर उंच, लाजून भिंतीकडे तोंड करून बसला होता. एका पोराच्या छातीच्या फोटोत सांतो निन्योचं, म्हणजे बाळ येशूचं, पदक दिसलं, त्याने ते शीतगृहात गिळलं होतं. त्याच्या आईने तिथेच गुडघे टेकले आणि चमत्कार म्हणून रडायला लागली.

डॉक्टरने तेरियोला आत बोलावलं. चांगला वयस्क, सभ्य माणूस.

"ही सगळी तुमची?"

"देवासमोर, डॉक्टर."

"आणि आया?"

"त्यांचे नवरे आहेत ना."

डॉक्टरने चष्मा काढला. पुसला. परत घातला. "तुमची स्वतःची तपासणी मी जरा सविस्तर करतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात किळस किती आणि आदर किती हे तेरियोला ठरवता आलं नाही, पण बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा डांबरासारखा काळवंडला होता. बावीस वर्षं त्याने बायकांचे टोमणे खाल्ले होते, ते अंगठ्यावर होते. हा वार दुसरीकडे बसला होता.  परतीच्या बोटीवर तो त्या कोंबड्याला मांडीवर घेऊन बसला.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर थांबलं असेल. कचेऱ्या थांबत नसतात. माणूस चुकला की एकदा चुकतो, कचेरी चुकलेल्याला नियमाने पुढे ढकलते. तिकडच्या कारकुनाने दाखले बघितले. चौऱ्याहत्तर मुलं, एकावन्न आया, चार मुलं एकाच दिवशी जन्मलेली चार वेगवेगळ्या घरांत. आणि अर्जदाराची लग्नाची बायको एकच, ती अकरा वर्षं परदेशात. कारकुनाने पेन उचललं आणि सलोमेला हाँगकाँगच्या पत्त्यावर पत्र धाडलं. आपल्या पतीच्या खालील चौऱ्याहत्तर अपत्यांची आपणांस माहिती आहे किंवा कसे, कृपया सहीनिशी कळवावे. सोबत यादी.

फोन आला तो गुरुवारी. ज्या बाईचा फोन अकरा वर्षं फक्त रविवारी आला तिचा फोन गुरुवारी येणं म्हणजे काय, हे तेरियोला वाजतानाच कळलं. हात रक्ताने माखलेले, म्हणून त्याने फोन ठोकळ्यावर ठेवूनच कोपराने चालू केला. म्हणजे सगळ्या बाजाराने ऐकलं.

"तेरियो."

"हां, सलोमे."

"मी पत्र वाचलं. मालकिणीने आधी वाचलं. ती मला म्हणाली, सलोमे, तुला हवी तर आठवडाभर रजा घे. अकरा वर्षांत तिने पहिल्यांदा माझ्याकडे माणसासारखं बघितलं. दया म्हणून."

"अगं, ती धर्मलेकरं—"

"मला वाचता येतं, गाढवा. त्यातल्या बावीस जणांची धर्ममाय मी आहे. लहान नाकारचं अंगडं मी शिवलं होतं. तुला हे लिहायला सांगितलं कोणी?"

इथे तेरियोने मित्राचं नाव सांगितलं नाही, एवढा तरी सभ्यपणा त्याच्यात होता. बाजारातल्या सगळ्यांनी मात्र विनाकारण एकाच दिशेला माना वळवल्या.

"मला एक सांग," सलोमे म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि खाली आलेला आवाज ओरडण्यापेक्षा लांब जातो. "एवढ्या मोठ्या यादीत आपलं मूल कितव्या नंबरला आहे?"



"ते नाहीये ना, सलोमे."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "लिही त्यांना. आत्ताच्या आत्ता. खरं खरं लिही, आणि या वेळी एकट्याने लिही." आणि फोन बंद.

एकट्याने कसलं लिहितोय! नोंग क्रिसांतो शेजारी असताना कोणाला एकट्याने बुडू देतात का? त्यांनी स्वतः मजकूर सांगितला. काय पत्र होतं ते! 'सदर लेकरे देवाच्या दृष्टीने अर्जदाराची असून कायद्याच्या दृष्टीने नाहीत, यात अर्जदाराची चूक नसून कायद्याची दृष्टी अधू आहे.' असं वाक्य सरकारला लिहायला छाती लागते. तेरियोने सही केली. सही डुकराच्या शेपटीसारखी आली.

मग वाट बघणं. गावाने कानटोप्या काढल्या. पारे लोक तेरियोला रस्त्यात टाळायला लागले, जणू त्यानेच त्यांची म्हैस विकली. निएवेस तर तोंडावर म्हणाला, "पारे, आम्ही तुझ्यावर विश्वास टाकला," आणि तेरियोच्याच गाळ्यावरून अर्धा किलो कलेजी पैसे न देता घेऊन गेला. तेरियो सकाळी गाळा उघडायचा, दुपारी पोस्टात जायचा, रविवारी फोन हातात घेऊन बसायचा. सलोमे फोन करायची, पण पावसापाण्याचंच बोलायची. दहा महिन्यांतले नऊ गेले, मग दहावाही सरत आला.

आणि ऐका, आता ऐकण्यासारखं आहे. बरोबर पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, सकाळी, पत्र आलं. तेरियोची ते उघडायची हिंमत होईना म्हणून त्याने ते नोंग क्रिसांतोंना दिलं. नोंगनी सगळ्या बाजारासमोर मोठ्याने वाचलं. अभिनंदन! अर्ज मंजूर! नुसता मंजूर नाही. तिकडच्या मोठ्या साहेबाने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असा प्रामाणिक अर्जदार मी पाहिला नाही, तुमच्या सल्लागाराला माझा नमस्कार सांगा, आणि पुढच्या महिन्यात माझ्या नातवाचा बाप्तिस्मा आहे, तर धर्मबाप म्हणून आपणच यावं. तेरियो नाही म्हणूच शकत नव्हता! विमानाचं तिकीट साहेबाने पाठवलं. सलोमे हाँगकाँगहून परस्पर तिकडे उतरली. आज दोघं तिकडे तीन मजली घरात राहतात, खाली डुकरांचं दुकान, मधे दोघं, वर नुसतं बर्फ. दर नाताळाला नोंगना तिकडून मोठी पेटी येते, आणि पेटीत—

"खोटं!"

लक्ष देऊ नका. बाजार आहे, आवाज होतच असतो. हां, तर पेटीत—

"खोटं, नोंग क्रिसांतो! ढळढळीत खोटं! पत्रात कसलं अभिनंदन? पाच वर्षांची बंदी होती, खोटी माहिती दिली म्हणून. हा तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी मीच मालकिणीला सांगितलं, बाई, तुमचं घर तुम्ही सांभाळा, मी माझं सांभाळते. आणि पेटी घेऊन आले. सात वर्षं झाली. सात वर्षं तुमच्या नाकासमोर या गाळ्यावर उभी राहून मी कलेजी विकतेय, आणि तुम्ही मला तीन मजली घरात बसवताय? तेरियो, तू वर बघू नकोस, बोट कापशील. आणि अहो बाई, तुम्ही, हो तुम्हीच, बाकावरच्या. कॅनडाचा अर्ज यांच्या हातात दिला असेल तर आधी परत घ्या!"